अक्रा २००३ : लायबेरियाचा तह नेमका कुठे झाला?

४ जून २००३ रोजी घानाच्या राजधानीत, अक्रामध्ये, लायबेरियाच्या शांतता वाटाघाटींचे उद्घाटन झाले. यजमान होते घानाचे अध्यक्ष जॉन कुफुअर. पश्चिम आफ्रिकेतल्या पंधरा देशांच्या संघटनेचे, म्हणजे इकोवासचे, अध्यक्षपदही तेव्हा त्यांच्याकडेच होते. नायजेरियाचे अध्यक्ष ओबासांजो आले होते, दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो म्बेकी आले होते आणि ज्याच्यामुळे हा सगळा खटाटोप करावा लागत होता तो लायबेरियाचा अध्यक्ष चार्ल्स टेलरही जातीने हजर होता.

त्याच दिवशी शेजारच्या सिएरा लिओनमधल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाचे अभियोक्ता डेव्हिड क्रेन यांनी टेलरवरचे आरोपपत्र जाहीर केले. ते नवे नव्हते. ७ मार्चलाच न्यायाधीशांनी त्याला मंजुरी दिली होती आणि तेव्हापासून ते मोहोरबंद पडून होते. सिएरा लिओनमधल्या बंडखोरांना टेलरने हिऱ्यांच्या बदल्यात शस्त्रे पुरवली, त्यांनी केलेल्या कत्तली, बलात्कार, हात तोडणे, पोरांच्या हाती बंदुका देणे या सगळ्यांत त्याचा वाटा आहे, असे एकूण सतरा आरोप त्यात होते. अटक वॉरंट घानाकडे रवाना झाले. पंगतीत पान वाढून झाल्यावर पाहुण्याच्या मानेला हात घाला असे यजमानाला कुणी सांगावे, तशी कुफुअर यांची गत झाली.

त्यांनी अटक केली नाही. टेलरने भाषण केले, आपण दूर झाल्याने देशात शांतता येणार असेल तर दूर होऊ असे सर्वांसमक्ष सांगितले, आणि त्याच दिवशी घाना सरकारच्या विमानाने तो आपल्या राजधानीला, मोन्रोव्हियाला, परतला. परतल्यावर पहिले काम केले ते उपाध्यक्ष मोझेस ब्लाह यांना अटक करण्याचे. आपल्या पाठीमागे हा गादी बळकावणार होता, असा त्याला संशय आला होता.

वाटाघाटींचा मुहूर्त इतका वाईट क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल. तरीही १८ ऑगस्टला त्याच शहरात सर्वंकष शांतता करारावर सह्या झाल्या आणि लायबेरियात त्यानंतर पुन्हा युद्ध झाले नाही. म्हणून हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखे आहे. माझे म्हणणे एवढेच की करार अक्राच्या टेबलावर लिहिला गेला असला, तरी त्यातली कळीची एकही गोष्ट त्या टेबलावर ठरली नाही. टेबलावर झाले ते खातेवाटप.

आधीचे तह आणि त्यांची रीत

लायबेरिया हा अमेरिकेतून परत पाठवलेल्या मुक्त गुलामांनी वसवलेला देश. १८४७ पासून स्वतंत्र. या वसाहतवाल्यांच्या वंशजांनी सव्वाशेहून अधिक वर्षे मूळच्या रहिवाशांवर राज्य केले. १२ एप्रिल १९८० रोजी सॅम्युएल डो या सार्जंटने अध्यक्ष टॉल्बर्ट यांना ठार करून सत्ता घेतली. डोची राजवट आधीच्यांपेक्षा क्रूर निघाली. त्याने आपल्या क्रान जमातीला जवळ केले आणि गिओ व मानो लोकांवर सूड उगवला. १९८९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी टेलर आयव्हरी कोस्टच्या बाजूने निंबा भागात मोजकी माणसे घेऊन घुसला, तेव्हा त्याला सैनिक गोळा करायला फार कष्ट पडले नाहीत ते यामुळेच.

इकोवासची स्थापना १९७५ मधली, आणि ती व्यापारासाठी झालेली. तिने १९९० च्या ऑगस्टमध्ये इकोमॉग नावाची फौज मोन्रोव्हियात उतरवली. नायजेरियाचे सैन्य, नायजेरियाचाच पैसा. सप्टेंबरात डो त्या फौजेच्या मुख्यालयात भेटीला गेला असता प्रिन्स जॉन्सन या दुसऱ्या टोळीप्रमुखाने शांतिसैनिकांच्या डोळ्यांदेखत त्याला पकडून नेले आणि हालहाल करून मारले. फौजेची लूटही गाजली. ‘दिसेल ती गाडी आणि हलेल ती वस्तू गायब’ असा तिच्या नावातल्या इंग्रजी आद्याक्षरांचा विस्तार मोन्रोव्हियाच्या लोकांनी केला होता.

त्यानंतर तहांची रांग लागली. बामाको, लोमे, यामुसुक्रो, कोटोनू, अकोसोम्बो, अक्रा, मग अबुजा दोनदा. डझनाहून जास्त करार झाले आणि बहुतेक मोडले. प्रत्येकात रीत एकच : ज्याच्याकडे बंदूक त्याला खुर्ची. साहजिकच प्रत्येक तहानंतर नव्या टोळ्या निघाल्या, कारण खुर्ची मिळवायचा रस्ता कुठून जातो ते सगळ्यांना कळले होते. अखेर १९९७ च्या जुलैत निवडणूक झाली आणि टेलर सुमारे पंचाहत्तर टक्के मते घेऊन जिंकला. ‘त्याने माझ्या आईला मारले, त्याने माझ्या बापाला मारले, तरी मत त्यालाच’ ही त्या प्रचारातली घोषणा पुढे जगभर ऐकवली गेली. लोक वेडे नव्हते. हरला तर हा पुन्हा जंगलात जाईल आणि पुन्हा लढेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ते मत म्हणजे खंडणी होती.

२००३ च्या अक्राला येताना मध्यस्थांच्या मनात आणखी एक ताजा अनुभव होता, सिएरा लिओनचा. १९९९ च्या लोमे करारात बंडखोर नेता फोडे सांको याला सरसकट माफी, उपाध्यक्षाचा दर्जा आणि वर हिऱ्यांच्या खाणींवर देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद देण्यात आले. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या. युद्धगुन्ह्यांना ही माफी लागू नाही, असा शेरा संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने सही करताना हाताने लिहून ठेवला. वर्ष होते न होते तोच, मे २००० मध्ये, सांकोच्या माणसांनी संयुक्त राष्ट्रांचे पाचशेच्या आसपास शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहुनमध्ये वेढ्यात अडकलेल्यांत भारतीय जवानही होते. जुलैत ‘ऑपरेशन खुकरी’ करून त्यांना बाहेर काढावे लागले. तो हाताने लिहिलेला शेरा पुढे विशेष न्यायालयाचा पाया ठरला, आणि त्याच न्यायालयाचे आरोपपत्र ४ जूनला अक्रात येऊन आदळले.

शेजाऱ्यांचे हात

आता २००३ ची मांडणी. टेलरविरुद्ध दोन बंडखोर गट होते. पहिला लर्ड, १९९९ पासून उत्तरेकडच्या लोफा भागात लढणारा. त्याला गिनीचे अध्यक्ष लान्साना कॉन्टे यांचा आश्रय होता. लर्डचा प्रमुख सेकू कॉने. त्याची बायको आयशा ही कॉन्टे यांची आध्यात्मिक सल्लागार मानली जाई, आणि गटातले तिचे वजन नवऱ्यापेक्षा कमी नव्हते. दुसरा गट मॉडेल. तो २००३ च्या सुरुवातीला आग्नेयेकडे उगवला, आयव्हरी कोस्टच्या पाठिंब्यावर. टेलरने आपली माणसे आयव्हरी कोस्टच्या यादवीत घुसवली होती, त्याचा हा हिशेब चुकता करणे होते.

म्हणजे पाहा : मध्यस्थी करणारी संघटना इकोवास. तिचाच सदस्य गिनी एका गटाला पोसतो, दुसरा सदस्य आयव्हरी कोस्ट दुसऱ्या गटाला, तिसरा सदस्य बुर्किना फासो अनेक वर्षे टेलरला शस्त्रे पोचवत आलेला. त्यातही गिनी २००२–०३ मध्ये सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. ज्या परिषदेने लायबेरियावर शस्त्रबंदी लादली होती तिच्याच टेबलाशी बसून तो ती मोडत होता. मोन्रोव्हियावर पडलेले तोफगोळे गिनीतून आले, हे नंतर पुराव्यानिशी दाखवले गेले.

आपल्याकडे मध्यस्थ म्हटले की तटस्थ माणूस डोळ्यांसमोर येतो. पश्चिम आफ्रिकेत तसा तटस्थ शेजारी मिळणेच शक्य नव्हते. सीमेच्या दोन्ही अंगांना तीच जमात, तेच निर्वासित, तेच हिरे. इकोवासचे बळ तटस्थपणात नव्हतेच. ज्यांच्या हातात रसद होती ते सगळे एकाच संघटनेत बसत होते, आणि ती तोडायची झाली तर त्यांनाच तोडावी लागणार होती. यजमान म्हणून घानाची निवड झाली तीही यामुळेच. त्या टापूत घानाचे हात त्यातल्या त्यात स्वच्छ होते.

मुख्य मध्यस्थ म्हणून नायजेरियाचे माजी लष्करशहा जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांना नेमले. सानी अबाचा यांच्या मृत्यूनंतर जून १९९८ मध्ये सत्ता हाती आली असता वर्षाच्या आत ती निवडून आलेल्या सरकारला सोपवून घरी गेलेला हा माणूस. स्वतःहून खुर्ची सोडलेला जनरल त्या भागात दुर्मीळ होता. खुर्ची सोडण्याविषयी तो बोलला तर ऐकणाऱ्याला निदान हसू येत नव्हते. सोबतीला इकोवासचे कार्यकारी सचिव मोहम्मद इब्न चंबास हे घानाचेच मुत्सद्दी होते.

मोहोरबंद लखोट्याने काय केले

आरोपपत्र त्या दिवशी जाहीर करणे बरोबर होते का? यावर आजही दोन तट आहेत. मध्यस्थांच्या मते तो घाला होता. टेलर अक्रात पकडला गेला असता तर मोन्रोव्हियात त्याच्या माणसांनी शहराची राखरांगोळी केली असती, आणि तिथे अडकलेल्या घानाच्या नागरिकांवर सूड उगवला असता, ही कुफुअर यांची भीती पोकळ नव्हती. क्रेन यांची बाजू अशी की युद्धगुन्ह्यांचा आरोपी तहाचा सन्माननीय पक्ष म्हणून सही करतो आहे हे दृश्यच चूक. समोर कोण बसले आहे हे वाटाघाट करणाऱ्यांना सुरुवातीलाच कळले पाहिजे.

मला दोघांचे अर्धे अर्धे पटते, आणि घटनाक्रम पाहिला तर निकाल क्रेन यांच्या बाजूला झुकतो, त्यांनी योजला नव्हता अशा कारणाने. टेलरची निवडून आलेली मुदत जानेवारी २००४ ला संपणार होती. वाटाघाटींचा मूळ मसुदा त्या मुदतीभोवती घुटमळला असता : तो तोवर राहणार का, निवडणूक लढवणार का, सरकारात किती वाटा घेणार. आरोपपत्रानंतर हे प्रश्नच उरले नाहीत. ज्याला पाय ठेवायला परका देश उरला नाही त्याच्याशी दीर्घ मुदतीचा सौदा कुणी करत नाही. त्याच्याच बाजूच्या लोकांना तो आता ओझे वाटू लागला. १७ जूनला जो युद्धविराम झाला त्यावर टेलरच्या वतीने संरक्षणमंत्री डॅनियल चिया यांनी सही केली, आणि त्यात चक्क असे कलम होते की तीस दिवसांत सर्वंकष करार व्हावा आणि पुढच्या हंगामी सरकारात टेलर नसावा. अध्यक्षाच्या मंत्र्याने अध्यक्षाला वगळणाऱ्या कागदावर सही केली!

अर्थात टेलरने मोन्रोव्हियात पोचल्या पोचल्या शब्द फिरवला. मुदत पुरी करणारच, म्हणाला. आणि युद्धविराम काही दिवसांतच मोडला.

पहिले, दुसरे, तिसरे महायुद्ध

जून-जुलैत लर्डने मोन्रोव्हियावर तीन चढाया केल्या. शहरातले लोक त्यांना पहिले, दुसरे आणि तिसरे महायुद्ध म्हणत. लर्डने बुशरॉड बेट आणि तिथले फ्रीपोर्ट बंदर घेतले. शहराचा मुख्य भाग आणि हे बेट यांच्यामध्ये मेसुराडो नदीवरचे पूल. त्या पुलांवर दोन्हीकडची पोरे, काही जण डोक्यावर बायकांचे केसांचे टोप चढवलेले, दिवसदिवस गोळ्या झाडत राहिली. तांदूळ बंदराच्या गुदामांत, भुकेली माणसे पुलाच्या अलीकडे. पाणी नाही, कॉलऱ्याची साथ. जुलैच्या तिसऱ्या चढाईत तोफगोळे अमेरिकी वकिलातीच्या परिसरात, जिथे हजारो माणसे आसरा घेऊन बसली होती तिथे, पडले. चिडलेल्या लोकांनी प्रेते उचलून वकिलातीच्या फाटकासमोर रचली. अमेरिकेच्या युद्धनौका किनाऱ्याजवळ येत होत्या, पण सैनिक उतरत नव्हते.

अक्रात मात्र हॉटेलातल्या खोल्यांचे भाडे आणि दैनंदिन भत्ता देणगीदार देशांच्या पैशांतून चालला होता. बैठका काही काळ व्होल्टा धरणाकाठच्या अकोसोम्बोला हलल्या, मग पुन्हा अक्राला आल्या. प्रतिनिधींच्या हातात उपग्रह फोन होते. आघाडीवर आपली माणसे पुढे सरकली की चर्चेत खोळंबा, मागे हटली की समजूतदारपणा. ज्याला रोज सकाळी युद्धभूमीवरून आपली किंमत वाढल्याची खबर मिळते तो आज कशाला सही करील? हे दुष्टपणाचे नव्हे, साध्या व्यवहाराचे गणित होते. ते मोडायचे तर वाट पाहण्याची किंमत कुणीतरी वाढवायला हवी होती.

दारात बसलेल्या बायका

ते काम ज्यांनी केले त्यांची नोंद बरीच वर्षे तळटीपेत राहिली, आणि २०११ मध्ये त्यांच्या नेत्या लेमा बोवी यांना शांततेचे नोबेल मिळाल्यावर एकदम उलटे झाले : सगळा तहच जणू त्यांनी केला. दोन्ही टोके सोडून पाहू.

२००३ च्या एप्रिलपासून मोन्रोव्हियाच्या सिंकोर भागात मासळीबाजाराजवळच्या मैदानावर पांढरे टी-शर्ट घातलेल्या बायका रोज बसत होत्या, ऊन असो की पाऊस. ख्रिस्ती आणि मुसलमान एकत्र; चर्चमधल्या बाया बोवींनी गोळा केल्या, मुसलमान बायकांना पोलीस अधिकारी असाटू बा केनेथ यांनी आणले. जागा विचारपूर्वक निवडली होती. टेलरच्या गाड्यांचा ताफा रोज तिथूनच जायचा. २३ एप्रिलला टेलरला त्यांना भेटावे लागले आणि वाटाघाटींना जायचा शब्द द्यावा लागला. मग काही जणी अक्राला गेल्या. घानातल्या बुडुबुराम छावणीत १९९० पासून लायबेरियाचे निर्वासित राहत होते. तिथल्या बायका येऊन मिळाल्या.

जुलैच्या उत्तरार्धात, मोन्रोव्हियातल्या तिसऱ्या चढाईच्या बातम्या येत असताना, या बायकांनी वाटाघाटींच्या सभागृहाचे दार अडवले. हातात हात गुंफून जमिनीवर बसल्या. करार होईपर्यंत कुणी बाहेर येणार नाही, जेवणही आत जाणार नाही. सुरक्षारक्षक बोवींना अटक करायला आले तेव्हा त्यांनी तिथेच अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली. आईच्या वयाच्या बाईने मुद्दाम विवस्त्र होणे हा त्या भागात सर्वात मोठा शाप मानला जातो; ज्याच्यामुळे ते घडते त्याचे वाटोळे होते. रक्षक मागे सरले. अबुबकर बाहेर आले, बायकांशी बोलले आणि दाराला लाथ घालून बाहेर पडू पाहणाऱ्या एका टोळीप्रमुखालाच त्यांनी फटकारले.

मध्यस्थाने त्या क्षणी पोलिसांना बोलावले असते तर नियमाला धरूनच झाले असते. त्यांनी तो धरणे मोडायचा प्रसंग मानला नाही, वापरायचा मानला. ‘आत बसलेल्यांना मी काय सांगू, बाहेर तुमच्याच आया बसल्या आहेत’ असे म्हणायची सोय त्यांना त्या दाराने दिली. त्यानंतरच्या बैठकांचा सूर बदलला असे तिथे असलेल्या अनेकांनी सांगितले आहे.

पण आणखी एक तपशील या कथेत हरवतो. बायकांची दुसरी संघटना, मानो नदीच्या खोऱ्यातल्या तीन देशांतल्या महिलांचे जाळे, अधिकृत प्रतिनिधी म्हणून सभागृहाच्या आत बसली होती आणि करारावर साक्षीदार म्हणून तिची सही आहे. आतल्या बायका शिकलेल्या, वजनदार घराण्यांतल्या, मसुदा वाचून कलमे सुचवणाऱ्या. बाहेरच्या बाजारातल्या, निर्वासित. दोघींचे फारसे पटत नव्हते. आतल्यांना कुणी विचारात घेतले असेल तर ते बाहेर बाकीच्या बसल्या होत्या म्हणून, आणि बाहेरच्यांना सत्य शोधन आयोगाचे कलम कुठे आणि कसे घालायचे ते ठाऊक नव्हते. शेवटी सत्तेच्या पदांत महिलांना निम्मा वाटा हवा अशी मागणी झाली, ती मात्र करारात उतरली नाही.

टेलर जातो

बाहेरच्या दोन गोष्टींनी जुलैअखेरीस काटा फिरवला. एक म्हणजे ओबासांजो यांनी टेलरला नायजेरियात आश्रय देऊ केला. दुसरी, १ ऑगस्टला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १४९७ मंजूर करून बहुराष्ट्रीय फौजेला परवानगी दिली. ४ ऑगस्टला नायजेरियाचे पहिले सैनिक सिएरा लिओनमधून हेलिकॉप्टरने मोन्रोव्हियाच्या विमानतळावर उतरले, तेव्हा लोक नाचले. इकोमॉगची लूट विसरून नव्हे, ती आठवत असूनही.

११ ऑगस्टला टेलरने सुटका झालेल्या आणि पुन्हा पदावर घेतलेल्या त्याच मोझेस ब्लाह यांच्या हाती सत्ता दिली. कुफुअर आणि म्बेकी समोर होते. ‘देवाची इच्छा असेल तर मी परत येईन’ असे सांगून तो नायजेरियातल्या कालाबारला गेला. तीन दिवसांनी लर्ड बंदर सोडून पो नदीच्या पलीकडे गेली आणि अडकलेला तांदूळ, लुटून उरला तेवढा, शहरात आला.

यानंतर अक्रात उरले ते वाटप. लर्डने उपाध्यक्षपदाचा हट्ट शेवटच्या घटकेला सोडला आणि १८ ऑगस्टला सह्या झाल्या. वाटप असे : हंगामी विधिमंडळात ७६ जागा, टेलरचा गट, लर्ड आणि मॉडेल यांना प्रत्येकी १२, अठरा राजकीय पक्षांना १८, पंधरा जिल्ह्यांना १५, नागरी संघटना आणि इतरांना ७. मंत्रिपदे २१, तिन्ही सशस्त्र गटांना प्रत्येकी पाच. अर्थ, न्याय, वाहतूक, कामगार लर्डला. परराष्ट्र, शेती, वाणिज्य, जमीन-खाणी मॉडेलला. संरक्षण, गृह, आरोग्य जुन्या सरकारला. मलईदार खात्यांसाठी मुंबईत जेवढी ओढाताण होते तेवढीच तिथे झाली, फक्त रुसून बसणाऱ्याच्या मागे इथे आमदार असतात, तिथे बंदुका होत्या.

प्रमुखपदासाठी पक्ष आणि नागरी संघटनांनी तीन नावे दिली. सर्वाधिक पसंती माजी अर्थमंत्री एलन जॉन्सन सरलीफ यांना होती, पण अंतिम निवड तिन्ही लढणाऱ्या गटांच्या हातात होती, आणि त्यांनी ग्यूड ब्रायंट या व्यापाऱ्याला निवडले. कारण उघड होते. ज्याच्यामागे कुणी नाही असा माणूस तिघांनाही सोयीचा.

या सगळ्या मांडवलीत एक कलम मात्र फार हुशारीचे होते : हंगामी सरकारचा प्रमुख, उपप्रमुख, सभापती आणि मंत्री यांपैकी कुणालाही २००५ ची निवडणूक लढवता येणार नाही. खुर्ची आजच घ्या, पण मग उद्याची सोडा. १९९७ ला टेलरने ज्या पायरीवरून उडी मारली ती पायरीच काढून घेतली गेली. सरसकट माफीही दिली नाही. फक्त माफीची शिफारस विचारात घेतली जाईल, असे मोघम वाक्य ठेवले आणि सत्य शोधन आयोगाची तरतूद केली. लोमेचा धडा इथे कामी आला.

किंमत

१ ऑक्टोबर २००३ ला पश्चिम आफ्रिकी फौजेने संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची टोपी घातली. मंजूर संख्या १५,००० सैनिक. डिसेंबरात नि:शस्त्रीकरण घाईने सुरू केले आणि फसले : अपेक्षेच्या कितीतरी पट लढवय्ये छावणीवर आले, पैसे कुठे आहेत म्हणून दंगल झाली, काम थांबवावे लागले. एप्रिल २००४ ला पुन्हा सुरू झाले. शेवटी एक लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली आणि शस्त्रे जमा झाली २८ हजारांच्या आसपास. प्रत्येकाला ३०० डॉलर मिळणार होते. कितीतरी कमांडरांनी आपले भाचे-पुतणे लढवय्ये म्हणून नोंदवले. भ्रष्टाचार म्हणाल, तर तो स्वस्तात पडला.

हंगामी सरकारातला महाग पडला. बंदूकवाल्यांच्या मंत्र्यांनी तिजोरी इतकी धुतली की २००५ मध्ये देणगीदारांनी सरकारी खर्चाच्या चेकवर परदेशी तज्ज्ञाचीही सही लागेल अशी व्यवस्था लादली. सार्वभौम देशाला ही नामुष्की होती, आणि ती अक्राच्या खातेवाटपाचीच थकबाकी होती. त्याच वर्षीच्या निवडणुकीत फेरमतदानात सरलीफ यांनी फुटबॉलपटू जॉर्ज विया यांना ५९.४ टक्के मते मिळवून हरवले. पुढे जानेवारी २००७ मध्ये मोन्रोव्हियात भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या महिलांची तुकडी उतरली. शांतिसेनेतली ती पहिली पूर्णपणे महिलांची पोलीस तुकडी. फेब्रुवारी २०१६ पर्यंत एकापाठोपाठ एक तुकड्या तिथे राहिल्या. शांतिसेना स्वतः ३० मार्च २०१८ ला संपली.

दुसरी किंमत टेलरला दिलेल्या शब्दाची. मार्च २००६ ला नव्या अध्यक्षा सरलीफ यांनी त्याची मागणी केली, नायजेरियाने हरकत नाही म्हटले, तो कालाबारमधून पसार झाला आणि २९ मार्चला कॅमेरूनच्या सीमेवर पकडला गेला. द हेगमध्ये खटला चालला. २०१२ ला अकरा आरोपांवर दोषी आणि ५० वर्षांची शिक्षा. न्याय झालाच. पण शिक्षा झाली ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियात त्याने जे केले त्यासाठी त्याच्यावर किंवा इतर टोळीप्रमुखांवर देशात एकही खटला उभा राहिला नाही. आणि आश्रयाचा शब्द अडीच वर्षे टिकतो, हे पुढच्या हुकूमशहांनी ध्यानात ठेवले. जानेवारी २०१७ मध्ये गांबियाचा याह्या जामेह निवडणूक हरूनही हटेना, तेव्हा इकोवासने पुन्हा तेच केले : सीमेवर फौज आणि हातात विमानाचे तिकीट. या वेळी त्याने गाठला इक्वेटोरियल गिनी, जो इकोवासमध्येही नाही आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्यही नाही. ही निवड योगायोगाने झाली असे मला वाटत नाही.

लायबेरियाच्या सत्य शोधन आयोगाने २००९ ला अहवाल दिला. टोळीप्रमुखांवर खटले चालवा, आणि टेलरला सुरुवातीला पाठिंबा दिल्याबद्दल खुद्द सरलीफ यांनाही तीस वर्षे सार्वजनिक पदापासून दूर ठेवा, असे त्यात होते. दोन्ही शिफारशी भिजत पडल्या. डोला मारणारा प्रिन्स जॉन्सन निंबामधून सिनेटर म्हणून निवडून येत राहिला, कळीच्या निवडणुकांत त्याच्या पाठिंब्यासाठी उमेदवार त्याच्या दारात उभे राहिले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो सिनेटर असतानाच वारला. त्याच वर्षी मे महिन्यात अध्यक्ष जोसेफ बोआकाई यांनी युद्धगुन्ह्यांसाठीच्या न्यायालयाची तयारी करणारे कार्यालय स्थापण्याच्या आदेशावर सही केली होती. संसदेच्या ठरावावर खुद्द जॉन्सननेही सही केलेली होती.